दूध आलं होतं का?

गेल्या गुरुवारी लालबागमधल्या एका मेडिकलच्या काउंटरवर माझी बोलतीच बंद झाली. बाहेर धो धो पाऊस, हातातली छत्री माझ्याच चपलेवर गळतेय, मागे चार माणसं, आणि मी काकीच्या हायड्रोकॉर्टिझोनच्या आठ स्ट्रिप मागितल्या. काउंटरवरचा मुलगा नवा होता. त्यानं कागद पाहिला, मला पाहिलं आणि मागच्या चौघांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मॅडम, स्टेरॉइड आहे हे. महिन्याच्या सहा लिहिल्यात, आठ कशाला? इम्युनिटी पार झोपेल पेशंटची." मी म्हटलं, "ताप आलाय तिला, म्हणून जास्त लागतील." त्याच्या भुवया कपाळात गेल्या. "ताप आलाय आणि तुम्ही स्टेरॉइड वाढवताय?" मागच्या एका गृहस्थांनी जिभेनं च्च केलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. सहा स्ट्रिप पिशवीत टाकून पावसात बाहेर पडले.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दादरच्या मराठी शाळेत, पंचवीस वर्षं. नववीच्या वर्गात अंतःस्रावी ग्रंथींची आकृती फळ्यावर इतक्यांदा काढलीय की डोळे मिटूनही काढीन. आणि काकीचं आजारपण तर मी घरात पाहिलंय. तरी त्या पोराला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. शुक्रवार, शनिवार ते न दिलेलं उत्तर घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखं टोचत राहिलं. भात गिळला, केळं खाल्लं, जाईना.

पाठ्यपुस्तकात त्या ग्रंथीचं नाव आहे पियुषिका. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, कवटीच्या हाडात एक छोटासा खळगा असतो. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना तो तुर्की घोडेस्वाराच्या खोगिरासारखा दिसला, म्हणून त्याचं लॅटिन नाव तसंच पडलं. त्या खोगिरात वाटाण्याएवढी ही ग्रंथी बसलेली. वजन अर्धा ग्रॅम, आणि तिच्या हुकमाखाली थायरॉइड, मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल, अंडाशय, वाढ, दूध, सगळंच. वर्गात हे नाव उच्चारलं की एक तरी कार्टं म्हणतंच, "बाई, पीयूष म्हणजे ते दादरला मिळतं ते?" वर्ग हसतो, मीही हसते. श्रीखंड पातळ करून, जायफळ घालून केलेलं ते पिवळसर पेय, ग्लासाला चिकटून राहणारं. पण संस्कृतात पीयूष म्हणजे अमृत आणि व्यालेल्या गाईचं पहिल्या सात दिवसांचं दूधही. आपण ज्याला चीक म्हणतो, ज्याचा खरवस करतो, ते. हे नाव कुणी ठेवलं मला ठाऊक नाही. ज्यानं ठेवलं त्यानं काकीसारखी बाई पाहिली असावी असं मला उगीचच वाटत राहतं.

काकीला दूध आलं नव्हतं.

ते 1984 साल. काका गिरणीत होते, म्हणजे संप व्हायच्या आधी होते. जानेवारी 1982ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि परळ-लालबागच्या चाळींतून बायकापोरं गावी पाठवायची लाट आली, त्यात काकीही कुडाळजवळच्या आमच्या घरी गेली. गिरणी चालू असती तर तिचं बाळंतपण मुंबईत, हाकेच्या अंतरावर हॉस्पिटल असताना झालं असतं. ते झालं श्रावणात, माजघरात, सुईणीच्या हातून. मुलगा झाला. वार पडायला वेळ लागला आणि मग रक्त थांबेना. मी तेव्हा आठ वर्षांची. मला आठवतं ते एवढंच की आजीनं आम्हा पोरांना पडवीत कोंडून ठेवलं होतं, आणि फटीतून मला घमेल्यात पिळलेली लुगडी दिसत होती. घमेल्यातलं पाणी लालही नव्हतं, तांबूस-काळं दिसत होतं. मग कुणीतरी चिऱ्यांचा ट्रक थांबवला आणि तिला झोपवून नेलं. आठ दिवसांनी परत आली तेव्हा कागदासारखी पांढरी. सगळे म्हणाले, पुनर्जन्म झाला. आजीनं देवाला कोंबडा दिला.

बाळ मात्र रडायचं. काकी त्याला छातीशी धरायची आणि ते दोन मिनिटांत तोंड फिरवून टाहो फोडायचं. शतावरी झाली, मेथीचे लाडू झाले, अळीव झाले, खसखस झाली. शेवटी शेजारच्या शेळीच्या दुधावर माझा चुलतभाऊ वाढला आणि आज पुण्यात चांगला सहा फूट उंच आहे. घरातल्या, वाडीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं की हिला दूध आलं नाही. पाळीही परत आली नाही हे आजीला आणि आईला माहीत होतं. "एकावरच आटोपला," असं आजी म्हणायची, त्यात थोडी हळहळ आणि थोडा टोमणा असायचा.

पुढे काकी मुंबईला परतली आणि आमच्या चाळीत शेजारच्याच खोलीत राहू लागली. माझ्या मोठं होण्यात तिची एक आकृती कायम आहे: मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, पंखा बंद करून, अंगावर शाल घेऊन खाटेवर बसलेली काकी. मुंबईच्या मे महिन्यात! दादरच्या पुलावर आम्ही सगळे घामानं निथळत चाललोय आणि हिचं कपाळ टाल्कम पावडर लावल्यासारखं कोरडं. आम्हाला हेवा वाटायचा. तिच्या भुवया बाहेरच्या टोकांना विरळ होत गेल्या, चेहऱ्यावर बारीक सुरकुत्यांचं जाळं आलं, काखेतले केस गेले. ते तिनं एकदा आईला हसत सांगितलं होतं, "खर्च वाचलो." दोन बादल्या पाणी भरलं की बसायची. पापड लाटायला बायका जमल्या की हिचे दहा होईपर्यंत दुसरीचे तीस झालेले. अंगचोर हा शब्द मी पहिल्यांदा तिच्याबद्दल ऐकला. मीही वापरलाय. बारावीच्या परीक्षेत तिनं डबा उशिरा दिला म्हणून आईजवळ तणतणले होते, आणि पडद्यापलीकडे ती होती.

डॉक्टर झाले, नाही असं नाही. कुणी रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, कुणी टॉनिक दिलं, एकानं मनाचं आहे म्हणून सांगितलं. एका हुशार डॉक्टरनं थायरॉइडचा संशय घेतला आणि तपासणी लिहिली. रिपोर्ट नॉर्मल आला, कारण तपासलं होतं ते फक्त टीएसएच. थायरॉइडला हुकूम सोडणारी पियुषिकाच मेलेली असेल तर हा हुकुमाचा आकडा कमी किंवा चक्क ठीकठाक दिसतो, आणि थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन मात्र तळाला गेलेलं असतं. ते हार्मोन, टी-फोर, पाहायला हवं होतं. हे मला आज कळतं. तेव्हा आम्ही तो रिपोर्ट तिच्यासमोर फडकवला होता: बघ, काही नाहीये तुला.

मग 2005चा जुलै. 26 तारखेला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. हिंदमाताला कमरेएवढं पाणी होतं. काकी एका घरी स्वयंपाकाला जायची, तिथून ती त्या पाण्यातून चालत आली. नंतरच्या आठवड्यात चाळीत घरटी एक तापाचा पेशंट. लेप्टोची, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाची भीती होती, सगळीकडे तोच विषय. बाकीचे चार-पाच दिवसांत उठून बसले. काकीला ताप तसा जेमतेम होता, शंभर-एकशेएक. पण तिसऱ्या दिवशी सकाळी ती हाक मारली तरी डोळे उघडेना. उलटीचा वास, थंड पडलेले तळवे, आणि काका नुसते तिच्या पायांना सुंठ चोळतायत. टॅक्सीत घालून परळला नेली.

तिथल्या वॉर्डातला तो वास अजून नाकात आहे. फिनेल, ओले कपडे, आणि गर्दीत उकडलेल्या माणसांचा. एका खाटेवर दोन-दोन पेशंट, खाली गाद्या. रक्तदाब सत्तरच्या आसपास, साखर अठ्ठेचाळीस, सोडियम पार खाली. सलाइनवर सलाइन चाललं होतं आणि रक्तदाब काही वर येत नव्हता. रात्री अकराला एक निवासी डॉक्टर आली. पोरगीच म्हणायची, माझ्याहूनही लहान, डोळ्यांखाली काळं, पायात स्लीपर. तिनं काकीची पापणी खाली ओढून पाहिली, भुवयांच्या टोकांवरून अंगठा फिरवला, हाताची कोरडी चामडी चिमटीत धरली. मग वाकून आईला विचारलं, "मावशी, यांच्या बाळंतपणात रक्त फार गेलं होतं का?" आई म्हणाली, हो, फार. आणि मग तिनं तो प्रश्न विचारला.

"बाळाला पाजायला दूध आलं होतं का?"

आई क्षणभर गप्प झाली. तापाच्या पेशंटबद्दल, वॉर्डात, मध्यरात्री, एकवीस वर्षांपूर्वीच्या दुधाची चौकशी. आईनं मान हलवली. त्या मुलीनं नर्सला हाक मारली आणि हायड्रोकॉर्टिझोनचं शंभर मिलिग्रॅमचं इंजेक्शन शिरेतून दिलं. मी पहाटे पाचला खाली चहा प्यायला गेले होते. वर आले तर काकी उशीला टेकून बसलेली आणि मला म्हणाली, "माका नाय गो आणलंस च्या?"

नंतर एमआरआय झाला. रिपोर्टवर इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा मराठी अर्थ रिकामं खोगीर. वाटाणा नव्हताच. गरोदरपणात पियुषिका फुगून मोठी होते, तिला रक्त जास्त लागतं, आणि नेमकं त्याच वेळी अंगातलं रक्त वाहून गेलं की ती उपाशी मरते. 1937 साली ग्लासगोमध्ये हॅरोल्ड शीहान यांनी बाळंतपणात गेलेल्या बायकांची शवविच्छेदनं करून हे मांडलं, म्हणून आजाराला त्यांचंच नाव. बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली तसा श्रीमंत देशांतून तो जवळजवळ नाहीसा झाला. आपल्याकडे अजून सापडतो, आणि सापडतो तो बहुतेक वेळा वीस-वीस वर्षांनी. दूध न येणं ही त्याची पहिली खूण. ती खूण आमच्या घरातल्या सगळ्या बायकांना पहिल्या आठवड्यात कळली होती.

आजी 1999 मध्ये गेली. तिला हे कळलंच नाही. काकी घरी आल्यावर दोन-तीन दिवसांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाली, "म्हातारेक सांगूक होया होता." कसल्या आवाजात म्हणाली ते मला अजून नीट लावता येत नाही. रागात नाही. तक्रारीतही नाही. गावी कुणाला निरोप द्यायचा राहून गेला की माणूस बोलतो, तसं काहीतरी.

मला मात्र त्या तापाचं कोडं सुटत नव्हतं. चाळीतल्या सगळ्यांना तोच ताप आला होता. हिलाच का मरणाच्या दारात नेलं? त्या निवासी डॉक्टरनं ओपीडीच्या गर्दीत, उभ्याउभ्या, केस पेपरच्या मागे बाण काढून मला समजावलं. जंतू आत शिरले की पांढऱ्या पेशी धावतात आणि एकमेकींना बोलावायला रसायनं सोडतात. ती रसायनं सूज आणतात, ताप आणतात, रक्तवाहिन्या सैल करतात. पण तीच रसायनं मेंदूतही पोचतात. मेंदू पियुषिकेला सांगतो, पियुषिका एसीटीएच नावाचा निरोप अ‍ॅड्रिनलला धाडते, आणि अ‍ॅड्रिनल कॉर्टिसॉल ओतते. कॉर्टिसॉल जाऊन त्याच पांढऱ्या पेशींना म्हणतं, बस करा आता. लढाई पुकारणाऱ्या पेशीच लढाई आवरणाऱ्यालाही बोलावून घेतात. धडधाकट माणसाच्या अंगात आजारपणात हे कॉर्टिसॉल नेहमीच्या कितीतरी पट वाढतं, म्हणून ताप येऊन उतरतो. काकीचा निरोप्याच मेला होता. तिच्या पेशी जंतूंशी लढत होत्या, पण त्या रसायनांनी सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळायला आणि साखर सावरायला कुणी येत नव्हतं.

मी हे घरी येऊन काकीला सांगितलं. मी बाईच्या आवाजात सांगितलं असणार, फळा नसतानाही हातवारे करत. ती लसूण सोलत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे चुलीवरचा दूध उतू जाता, तेवा विस्तव मागे ओढूक कोणतरी होयो. ता माझ्याकडे नाय." मी वर्गात तेव्हापासून हेच सांगते, आणि कुणाचं वाक्य आहे तेही सांगते.

तेव्हापासून तिचं आयुष्य गोळ्यांच्या वेळांवर चालतं. सकाळी उठल्याउठल्या थायरॉइडची, मग हायड्रोकॉर्टिझोन, म्हणजे गोळीतलं कॉर्टिसॉलच, नंतर पुन्हा थोडी. सुरुवातीला तर आधी काही दिवस हायड्रोकॉर्टिझोन आणि मगच थायरॉइडची गोळी, असा क्रम होता. उलटं झालं तर थायरॉइडच्या गोळीनं अंगातला खर्च वाढतो, आणि कॉर्टिसॉलची तिजोरी रिकामी असताना माणूस कोसळू शकतो. ताप आला की गोळी दुप्पट. उलटीमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर थेट इंजेक्शन आणि हॉस्पिटल. पर्समध्ये एक कार्ड, त्यावर आजाराचं नाव आणि इंजेक्शनचा डोस. महिन्याभरात तिनं शाल काढली. पहिला घाम आला तेव्हा घाबरून मला बोलावलं होतं. ओठावर दवासारखे बारीक थेंब.

परळच्या त्या ओपीडीचं बाकडं हा माझा दुसरा वर्ग. तीन-तीन तास बसायचं, त्यामुळे ओळखी होतात. एका वर्षी काकीशेजारी अंबरनाथची एक मुलगी असायची, सत्तावीस-अठ्ठावीसची. चेहरा गोल, गाल लाल, मानेमागे मांसाचा उंचवटा, पण हातपाय काटकुळे. कुणीतरी तिच्या देखत "खात्यापित्या घरची" म्हणालं होतं. तिच्या पियुषिकेत काही मिलिमीटरची गाठ होती. ती गाठ रात्रंदिवस एसीटीएच सोडत होती, आणि अ‍ॅड्रिनल बिचाऱ्या हुकमाच्या ताबेदार, कॉर्टिसॉल ओततच होत्या. 1932 साली हार्वी कुशिंग यांनी सविस्तर मांडलेला हा आजार. तिच्या अंगात विस्तव इतका मागे ओढलेला होता की दूध तापतच नव्हतं. बोटांमधला नायटा वर्ष झालं तरी हटत नव्हता. भाजी चिरताना कापलेलं बोट दीड महिना भरलं नव्हतं. ती ते बोट काकीला दाखवायची, कडा पांढऱ्या पडलेल्या, मध्ये ओली फट. गंमत म्हणजे रक्ताच्या रिपोर्टात तिच्या पांढऱ्या पेशी जास्त होत्या. एक प्रकारच्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून, भिंतीतून बाहेर पडून जखमेपर्यंत जातात. कॉर्टिसॉल जास्त झालं की त्यांचा चिकटपणा जातो, त्या नुसत्या रक्तात फिरत राहतात. मोजायला गेलं तर गर्दी, कामाला कुणी नाही. दुसऱ्या प्रकारच्या, लिम्फोसाइट, त्या मात्र रक्तातून गायब. एका बाकड्यावर बसलेल्या दोन बायका. एकीची ग्रंथी मेलेली, दुसरीची माजलेली, आणि दोघींनाही डॉक्टर एकच सांगायचे: साध्या तापाला साधा समजू नका.

त्या मुलीचं ऑपरेशन नाकातून झालं. चेहरा सहा महिन्यांत उतरला. पण पुढच्या भेटीत तिनं सांगितलं की आता तिची थायरॉइड बिघडलीय, तिच्याच पेशी थायरॉइडवर उठल्यात, सांधेही धरतात. असं होतं म्हणे. इतकी वर्षं दाबून ठेवलेल्या पेशी, दाब उठला की काहींच्या घरातल्याच माणसांवर धावून जातात. काकीनं तिला डब्यातली खोबऱ्याची वडी दिली आणि म्हणाली, "दोन्ही बाजूंनी गावलंव आपण." त्यानंतर ती दिसली नाही. फोन नंबर घ्यायला हवा होता.

पुढे मी वाचत गेले, शाळेच्या ग्रंथालयात, मग फोनवर. 1930 साली फिलिप स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञानं उंदरांची पियुषिका काढली आणि पाहिलं की छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलीय. टी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, जिथं तयार होतात, ती ग्रंथी. तेव्हा थायमस नेमकं काय करते हेच कुणाला ठाऊक नव्हतं. सहा वर्षांनी माँट्रियलमध्ये हान्स सेली यांनी उंदरांना थंडीत ठेवलं, दमवलं, इजा केली. त्यांच्या अ‍ॅड्रिनल सुजल्या आणि थायमस दोन दिवसांच्या आत आक्रसली. एकात पियुषिका नाही, दुसऱ्यात ती जिवाच्या आकांतानं काम करतेय, आणि थायमसची गत दोन्हीकडे तीच. मला हे वाचताना ते बाकडं आठवलं. नंतर असंही दिसलं की लिम्फोसाइटच्या अंगावर प्रोलॅक्टिनचे, म्हणजे दूध आणणाऱ्या हार्मोनचेही कान असतात. पियुषिका काढलेल्या उंदरांना प्रोलॅक्टिन दिलं की त्यांची मंदावलेली प्रतिकारशक्ती उठते. म्हणजे जो निरोप स्तनाला जातो तोच पांढऱ्या पेशींनाही ऐकू जातो. मी फार भारावले होते या शोधानं. मग कळलं की जन्मापासून प्रोलॅक्टिनच नसलेले उंदीरही जंतूंशी बऱ्यापैकी नीट लढतात, शरीर दुसरी वाट काढतं. शास्त्राचं हे असं असतं, आपण कविता रचायला बसावं आणि त्यानं मागून येऊन दिवा बंद करावा.

2020चा एप्रिल-मे आठवतो. अख्खी इमारत काढा पीत होती. (चाळ पाडून आता टॉवर झालाय, काकी अकराव्या मजल्यावर.) व्हॉट्सअ‍ॅपवर इम्युनिटी, जाहिरातीत इम्युनिटी, बिस्किटात इम्युनिटी, एकीकडे तर इम्युनिटी वाढवणारी गादीसुद्धा पाहिली. काकीनं मला फोन करून गंभीरपणे विचारलं, "मी वाढवू का कमी करू गो?" जूनमध्ये ब्रिटनमधून बातमी आली की डेक्सामेथासोन, तेच काकीच्या गोळीचं दांडगं चुलत भावंड, ऑक्सिजनवरच्या आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांचे जीव वाचवतंय. व्हेंटिलेटरवरच्यांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना फायदा नाही. ज्यांचं दूध उतू चाललं होतं त्यांनाच विस्तव ओढून हवा होता. आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रभर काळ्या बुरशीचे पेशंट. साखर वाढलेली, स्टेरॉइड सढळ हातानं दिलेलं, आणि नाकातून शिरलेली बुरशी डोळ्यापर्यंत, मेंदूच्या तळापर्यंत. खाली सातव्या मजल्यावरच्या गृहस्थांचा डोळा त्यात गेला. तेव्हा तो मेडिकलमधला पोरगा बहुधा डी. फार्मच्या वर्गात असेल. त्यानं घरात, शेजारात काय पाहिलं असेल मला काय माहीत? स्टेरॉइड म्हटल्यावर त्याचा आवाज चढला तो काही उगीच नसेल.

म्हणजे त्याचं चुकलं का? अर्धं. काकीची वीस मिलिग्रॅमची गोळी हे औषध नव्हेच, तिच्या अंगानं स्वतः करायला हवं होतं तेवढंच ते आहे. पण गोळी म्हणजे ग्रंथी नव्हे हेही खरं. खरी पियुषिका पहाटे कॉर्टिसॉल वर नेते आणि मध्यरात्री पार खाली आणते. त्या भरती-ओहोटीवर पांढऱ्या पेशी आपल्या पाळ्या लावतात. रात्री रक्तात लिम्फोसाइटची गर्दी, सकाळी ओसरलेली. गोळी कुठं ती घड्याळ पाळते? 2018 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की दिवसभर तुकड्यातुकड्यानं गोळ्या घेण्याऐवजी सकाळी एकच, हळूहळू विरघळणारी गोळी घेतलेल्यांच्या पांढऱ्या पेशींची ठेवण निरोगी माणसाच्या जवळ गेली आणि त्यांना संसर्गही कमी झाले. दिवसाचा डोस तेवढाच, फक्त संध्याकाळ मोकळी सोडली. हे वाचल्यावर मी काकीच्या डॉक्टरांना विचारलं आणि तेव्हापासून तिची संध्याकाळची अर्धी गोळी दुपारी दोनवर आली. सर्दी-खोकला कमी झाला का? मला वाटतं झाला. काकी म्हणते, काय फरक नाय.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिचा 2005चा केस पेपर घेऊन त्या मेडिकलमध्ये गेले. लॅमिनेट केलेला, मागे त्या डॉक्टरचे बाण. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. मुलगा होता, गर्दी नव्हती. त्यानं कागद दोन्ही बाजूंनी वाचला, बाणांवरून बोट फिरवलं. "डबल डोस फक्त तापापुरता ना?" मी म्हटलं, हो, दोन-तीन दिवस, मग परत नेहमीचा. त्यानं दोन स्ट्रिप काढून दिल्या, कात्रीनं बिल कापलं. माझं जुळवलेलं वाक्य तसंच राहिलं. मी पायरी उतरताना मात्र त्याला राहवलं नाही, "मॅडम, तरी सांगा त्यांना, सवय नका लावू."

घरी काकीचा ताप उतरला होता. ती मळमळ गेल्यावर खायची ती पेज खात बसली होती, आंब्याच्या लोणच्याची फोड चोखत. मी पोराचा निरोप दिला. तिनं फोड ताटलीच्या कडेला ठेवली, हात पुसला आणि स्ट्रिपा हातात घेतल्या.

"तेका सांग," ती म्हणाली, "बाळंतपणाआधी बावीस वर्सां ती सवय होतीच माका."

आणि एका एका गोळीवर बोट ठेवत मोजायला लागली.